मटण मऊ होते ते कशाने? मंद आच, दम आणि भाजण्याच्या घरगुती पद्धतींमागील शास्त्र

देशातील बहुसंख्य मांसाहारी कुटुंबांत मटण हा रोजचा पदार्थ नाही. पाहुण्यांचा मुक्काम, गावची जत्रा, ईद किंवा महिन्यातला एखादा रविवार अशा निमित्ताने ते घरी येते आणि त्या दिवसाच्या खर्चात त्याचा वाटा मोठा असतो. एवढे करूनही फोडी वातड राहिल्या किंवा उलट चोथ्यासारख्या कोरड्या झाल्या, तर त्याचे खापर बोकडाच्या वयावर, खाटकावर अथवा मसाल्यावर फोडले जाते. प्रत्यक्षात अनेकदा कारण निराळे असते. जनावराच्या शरीराचा जो भाग आणला, त्याला साजेशी पद्धत वापरलेली नसते.

काश्मीरपासून केरळपर्यंत आणि कच्छपासून नागालँडपर्यंत घरोघरी मांस शिजवण्याच्या व भाजण्याच्या ज्या रीती रूढ झाल्या, त्यांची नावे व मसाले वेगळे असले तरी त्या मुळात एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत. चिवट मांस मऊ व्हावे, पण त्यातला रस जाऊ नये, हा तो प्रश्न होय. या रीतींमागचे शास्त्र समजले, तर स्वस्त व कठीण समजल्या जाणाऱ्या भागांतूनही उत्तम पदार्थ होऊ शकतो आणि इंधनही वाचते.

एकाच फोडीतले दोन विरोधी घटक

मांस म्हणजे प्रामुख्याने प्राण्याचे स्नायू. चरबी वगळता त्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते आणि ते स्नायूंच्या बारीक तंतूंमध्ये धरलेले असते. या तंतूंच्या जुड्या बांधून ठेवणारे प्रथिन म्हणजे कोलॅजेन. जे स्नायू जनावर सतत राबवते, त्यांत कोलॅजेन अधिक असते. पाय, खांदा आणि मान हे असे भाग आहेत. पाठीलगतच्या चापेत ते तुलनेने कमी असते. वय वाढते तसे कोलॅजेनच्या धाग्यांमधील बंध पक्के होत जातात. जून बोकडाचे मटण कोवळ्यापेक्षा उशिरा शिजते, ते यामुळेच.

उष्णतेचा या दोन घटकांवर होणारा परिणाम परस्परविरोधी असतो. साधारण ५० अंश सेल्सिअसपासून तंतूंमधील प्रथिने आकसू लागतात आणि ६० ते ७० अंशांच्या दरम्यान बरेच पाणी बाहेर पडते. कोलॅजेन मात्र या तापमानाला नुकते सैल होऊ लागलेले असते. त्याचे मऊ, बुळबुळीत जिलेटिन होण्यासाठी ७० अंशांहून अधिक उष्णता आणि पुरेसा वेळ, असे दोन्ही लागते. उघड्या पातेल्यात बोकडाच्या मटणाला त्यासाठी दीड ते अडीच तास लागू शकतात.

शिजवायला ठेवल्यावर पाऊण तासाने चाखलेली फोड अनेकदा सुरुवातीपेक्षाही चिवट लागते, त्याचे कारण येथे सापडते. तंतूंतले पाणी गेलेले असते आणि जिलेटिन अद्याप तयार झालेले नसते. नेमक्या याच टप्प्यावर अनेक घरांत धीर सुटतो आणि आच वाढवली जाते. वास्तविक तेव्हा वाट पाहणे एवढेच करायचे असते. पुढच्या तासाभरात कोलॅजेन विरघळते, तंतू एकमेकांपासून सुटे होतात आणि जिलेटिन त्यांच्याभोवती ओलावा धरून ठेवते. पायाच्या रश्श्याला येणारा दाटपणा, गार झाल्यावर त्याचे थिजणे आणि खाताना ओठांना जाणवणारा चिकटपणा ही त्याच जिलेटिनची लक्षणे होत.

खळखळ उकळीने काय साधते?

समुद्रसपाटीवर उघड्या पातेल्यातील पाणी १०० अंशांना उकळते. त्यानंतर आच कितीही मोठी केली तरी पाण्याचे तापमान त्यापुढे जात नाही. अधिक गॅस जळतो, पाणी लवकर आटते आणि फोडी एकमेकींवर आदळून फुटतात. मटण मात्र लक्षणीय लवकर शिजत नाही. पृष्ठभागावर अधूनमधून एखादा बुडबुडा यावा, इतकीच आच पुरेशी असते. अशा वेळी पातेल्यातील तापमान ९० अंशांच्या आसपास राहते आणि कोलॅजेनसाठी ते भरपूर आहे.

महाराष्ट्रातील घरांत पातेल्यावर खोलगट ताटली ठेवून तीत पाणी ओतण्याची जुनी रीत आहे. तिच्यामागे पक्के भौतिकशास्त्र आहे. ताटलीतील पाण्यामुळे झाकण वाफेपेक्षा थंड राहते. खालून आलेली वाफ त्याच्या तळाशी लागून तिचे थेंब होतात आणि ते पुन्हा मटणावर पडतात. पाण्याच्या वजनाने झाकण घट्ट बसते आणि वाफेसोबत उडून जाणारा सुगंधही काही प्रमाणात अडवला जातो. रस्सा कमी वाटला तर ताटलीतलेच गरम पाणी आत घालता येते, त्यामुळे उकळी मोडत नाही. कोल्हापूरकडे तांबडा व पांढरा रस्सा करण्यापूर्वी हळद, मीठ, आले-लसूण लावून मटण अशाच झाकलेल्या पातेल्यात शिजवतात. त्याचे अळणी पाणी हाच पुढे दोन्ही रश्श्यांचा पाया ठरतो.

परतणे आधी की नंतर?

मांस सुरुवातीला तापलेल्या तेलात परतले की बाहेरची बाजू बंद होते आणि रस आत राहतो, असा समज जगभर रूढ आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मांडलेल्या विचारांमुळे त्याला बळ मिळाले. पुढील काळातील प्रयोगांत तो टिकला नाही. परतलेल्या मांसातूनही पाणी जातेच.

परतण्याचा खरा लाभ चवीचा आहे. मांसाचा पृष्ठभाग कोरडा होऊन सुमारे १४० अंशांच्या वर गेला की त्यातील प्रथिनांचे घटक आणि शर्करा यांच्यात अभिक्रिया होऊन शेकडो नवी स्वाद व गंधद्रव्ये तयार होतात. फ्रेंच संशोधक लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये या अभिक्रियेचे वर्णन केले आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. उकळत्या रश्श्यात हे तापमान गाठता येत नसल्याने केवळ पाण्यात शिजवलेले मटण मऊ असले तरी त्याला भाजल्याचा खमंगपणा नसतो.

भारतीय घरांनी या दोन गरजांची सांगड निरनिराळ्या क्रमाने घातली आहे. बंगालमधील कोशा मांग्शो या पदार्थात दही, कांदा आणि मोहरीच्या तेलासह मटण मंद आचेवर दीर्घकाळ परतले जाते. खाली लागू लागले की थोडे गरम पाणी शिंपडायचे आणि पुन्हा परतायचे. केरळमधील इरच्ची उलर्त्तियतु याचा क्रम उलटा आहे. तेथे मांस आधी मसाल्यात शिजवून घेतात आणि मग ओल्या नारळाचे काप व कढीपत्ता घालून ते काळपट, कोरडे होईपर्यंत कढईत परततात. परतणे आधी असो वा नंतर, पाणी आटलेले असणे ही त्याची अट आहे.

ही अट पूर्ण झाली की नाही, हे ओळखण्याची खूण प्रत्येक मराठी स्वयंपाकघराला ठाऊक आहे. मसाल्याला तेल सुटणे, ही ती खूण. मसाल्यात पाणी आहे तोवर तेल त्यात मिसळून राहते आणि तापमान १०० अंशांच्या घरात अडकते. पाणी उडाले की तेल वेगळे होते आणि मसाल्याचे तापमान झपाट्याने वर चढते. तेल सुटण्याआधी पाणी ओतले, तर मसाला कच्चा लागतो तो यामुळे.

दम, खड्डा आणि रात्रभराची हंडी

दम देण्याच्या पद्धतीचे नाव लखनऊशी जोडले गेले आहे. अवधचे नवाब आसफुद्दौला यांच्या काळात, १७८४ च्या दुष्काळात बडा इमामबाडा बांधणाऱ्या मजुरांसाठी मोठ्या हंड्या कणकेने बंद करून ठेवल्या जात आणि त्यातून ही रीत दरबारात पोहोचली, अशी आख्यायिका सांगितली जाते. कथेची सत्यता काहीही असो, पद्धतीचा गाभा साधा आहे. जाड बुडाच्या हंडीत मांस, मसाला व थोडाच ओलावा घालायचा, झाकणाची कड कणकेने लिंपायची आणि खालून मंद आच, तर वरून झाकणावर निखारे ठेवायचे.

कणकेने लिंपलेली हंडी म्हणजे कुकर नव्हे. कणकेला दाब पेलत नाही, त्यामुळे आतले तापमान १०० अंशांच्या फारसे पुढे जात नाही. वाफ व सुगंध मात्र आतच कोंडले जातात आणि मांस स्वतःच्या रसात शिजते. गॅसच्या शेगडीवर हाच परिणाम साधण्यासाठी हंडीखाली जाड तवा ठेवतात. त्यामुळे ज्योत एका जागी न लागता उष्णता सर्वत्र पसरते आणि तळ करपत नाही. बोकडाच्या मटणाला अशा दमावर दीड ते दोन तास लागतात आणि मध्येच झाकण उघडून पाहण्याचा मोह टाळावा लागतो.

अधिक चिवट भागांसाठी अधिक वेळ, हे सूत्र उत्तर भारतातील निहारीत दिसते. सकाळ या अर्थाच्या अरबी शब्दावरून तिचे नाव आले आहे. नळीचे मांस रात्रभर मंद आचेवर ठेवून ते पहाटे खाण्याची प्रथा होती. काश्मीरमध्ये हिवाळ्यात केली जाणारी हरिसाही रात्रभर शिजते. त्यात मांस तांदळासह एकजीव होईपर्यंत घोटले जाते. हैदराबादचा हलीम गहू, डाळी आणि मांस तासन्‌तास शिजवून व घोटून करतात. २०१० मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

राजस्थानात मसाला लावून गुंडाळलेले मांस निखाऱ्यांच्या खड्ड्यात पुरून शिजवण्याची शिकारी परंपरा होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि रानसशाची जागा कोंबडी व बोकडाने घेतली. खड्ड्याची पद्धत मात्र टिकून राहिली. मातीचा थर उष्णता हळूहळू सोडत असल्याने तेथे आच सांभाळत बसावे लागत नाही.

रायगड जिल्ह्यातील पोपटी वरवर पाहता याच जातीची वाटते, पण तिचे गणित वेगळे आहे. हिवाळ्यात वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी भरून मडके उपडे ठेवतात व भोवती पालापाचोळा पेटवतात. आत पाणी घातले जात नाही. पाल्याचा व शेंगांचा ओलावाच वाफ पुरवतो. हे काम तासाभराच्या आत उरकते, कारण कोंबडीच्या कोवळ्या मांसाला दीर्घ शिजवण्याची गरज नसते. त्याच मडक्यात जून बोकडाचा खांदा घातला तर तो वातडच निघेल.

कुकरची बाजू

कुकरमधल्या मटणाला चव नसते, ही तक्रार नेहमी ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. बंद भांड्यात वाफेचा दाब वाढवून हाडे मऊ करण्याचे यंत्र फ्रेंच शास्त्रज्ञ डेनी पापँ यांनी १६७९ मध्ये लंडनमध्ये तयार केले होते. आजचा घरगुती कुकर त्याच तत्त्वावर चालतो. पूर्ण दाबाला आतले पाणी सुमारे १२० अंशांना उकळते आणि कोलॅजेन विरघळण्याचा वेग अनेक पटींनी वाढतो. पातेल्यात दोन तास घेणारे मटण कुकरमध्ये साधारण २० ते ३० मिनिटांत मऊ होते.

भारतात कुकरचे उत्पादन १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. त्याआधी वाफेवर मंद शिजवण्याचा एक देशी प्रयोग कोलकात्यात झाला होता. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये इकमिक कुकर तयार केला. उंच नळकांड्यात एकावर एक डबे आणि तळाशी कोळशाची छोटी शेगडी, अशी त्याची रचना होती. भात, डाळ आणि मांस त्यात लावून माणूस आपल्या कामाला जाऊ शकत असे. दाबाऐवजी वेळेवर भिस्त असलेले हे साधन बंगालमध्ये अनेक वर्षे वापरात होते.

डोंगराळ प्रदेशात कुकर ही चैन नसून गरज आहे. सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरील लेहमध्ये उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते. तेथे पातेल्यातील मटणाला मैदानी भागापेक्षा बराच अधिक वेळ व इंधन लागते.

कुकरच्या मर्यादा दोन आहेत. आत पाणी आटत नाही, त्यामुळे रस्सा पातळ राहतो आणि परतल्याची चव येत नाही. दुसरे म्हणजे, काही मिनिटांची चूकही महाग पडते. कोलॅजेन संपल्यावरही उष्णता चालू राहिली, तर तंतू रस गमावून चोथा होतात. म्हणून मसाला तेल सुटेपर्यंत परतून मगच झाकण लावावे, शिट्ट्या मोजण्याऐवजी पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून मिनिटे मोजावीत, दाब आपोआप उतरू द्यावा आणि शेवटी झाकण काढून रस्सा आटवावा. एवढे केले की पातेल्यातील आणि कुकरमधील मटणात फारच थोडा फरक उरतो.

तंदूर नसलेल्या घरात भाजणे

तंदूरचे तापमान ४०० अंशांच्याही पुढे जाऊ शकते. घरगुती विजेची भट्टी बहुधा २३० ते २५० अंशांवर थांबते. त्यामुळे हॉटेलची कृती घरात जशीच्या तशी उतरत नाही. मोठा तुकडा भाजायचा असेल, तर आधी शिजवणे आणि मग भाजणे, असे दोन टप्पे घरात अधिक भरवशाचे ठरतात. बोकडाची अख्खी मांडी घट्ट झाकून १५० ते १६० अंशांवर अडीच ते तीन तास ठेवावी आणि शेवटची १५ मिनिटे झाकण काढून आच वाढवावी. बाहेर काढल्यावर लगेच न कापता १० ते १५ मिनिटे ती तशीच ठेवली, तर कापताना रस कमी सांडतो.

भट्टी नसलेल्या घरांसाठी गोव्याचा आसाद उपयुक्त आहे. भाजणे या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून हे नाव आले. मसाला लावलेला मोठा तुकडा जाड बुडाच्या भांड्यात थोड्या पाण्यावर झाकून शिजवतात आणि पाणी आटल्यावर त्यातल्याच चरबीत सर्व बाजूंनी परततात. एकाच भांड्यात, एकाच शेगडीवर शिजवणे आणि भाजणे दोन्ही साधते.

मांस मुरवण्याविषयीही काही गैरसमज आहेत. मीठ आतपर्यंत शिरते आणि तंतूंना पाणी धरून ठेवण्यास मदत करते. त्यामुळे मोठ्या तुकड्याला ते आदल्या रात्री लावणे हिताचे. दही, लिंबू आणि मसाले मात्र पृष्ठभागाच्या काही मिलिमीटरपलीकडे जात नाहीत. कच्च्या पपईतील पपेन हे विकर किंवा राजस्थानात वापरली जाणारी काचरीची पूड प्रथिने तोडते, पण तीही बाहेरूनच. जास्त वेळ ठेवल्यास वरचा थर लिबलिबीत होतो आणि आतला भाग होता तसाच राहतो.

ईशान्य भारतात धुराचा उपयोग चवीबरोबर टिकवणुकीसाठीही होतो. नागालँडमध्ये चुलीवर टांगून धुरावलेले डुकराचे मांस आंबवलेल्या सोयाबीनच्या अखुनीसह शिजवतात. शहरांतील घरांत पेटत्या कोळशावर तूप सोडून पदार्थाला धुंगार देण्याची रीत आहे. मात्र कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही वापरू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने जीव जाऊ शकतो.

शिजल्यानंतरचे दोन तास

मंद शिजवण्यातला खरा धोका बहुधा शेगडी बंद झाल्यानंतर सुरू होतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळीतही तग धरतात. मोठ्या पातेल्यातील दाट रस्सा तासन्‌तास कोमट राहिला की हे बीजाणू पुन्हा वाढू लागतात. अशा अन्नाला वास येतोच असे नाही, पण ते खाल्ल्यावर पोटात कळा व जुलाब होऊ शकतात. रात्री केलेले मटण झाकून ओट्यावर ठेवणे आणि दुसऱ्या दिवशी कोमट करून खाणे, ही सवय म्हणूनच जोखमीची आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित अन्नविषयक सूचनांनुसार अन्न आतपर्यंत किमान ७० अंशांना शिजावे, वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर गरम राहावे आणि शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये. कोंबडीसाठी अमेरिकेच्या कृषी विभागाची शिफारस ७४ अंशांची आहे. रसाचा रंग पाहून अंदाज बांधणे भरवशाचे नाही. खुपसून तापमान दाखवणारा छोटा तापमापक अधिक विश्वासार्ह. उरलेले मटण उथळ भांड्यांत विभागून लवकर गार करावे, फ्रिजमध्ये ठेवावे आणि पुन्हा खाताना पूर्ण उकळी आणावी. विजेच्या मंद कुकरमध्ये गोठलेले मांस थेट घालू नये, कारण ते धोक्याच्या तापमानात फार वेळ रेंगाळते.

खाटकाकडे जाण्यापूर्वीच बेत ठरवला, तर यातील निम्मी कामे सोपी होतात. भाजायचे किंवा झटपट परतायचे असेल तर चाप किंवा कोवळ्या बोकडाची मांडी मागावी. रस्सा, दम किंवा हंडी करायची असेल तर खांदा, मान, छाती आणि नळी हेच भाग अधिक चवदार ठरतात. ब्रॉयलर कोंबडी अर्ध्या-पाऊण तासात होते, गावठी कोंबडीला मात्र मटणासारखाच वेळ द्यावा लागतो. जेवणाची वेळ दुपारी एकची असेल, तर पातेल्यातले मटण दहा वाजता शेगडीवर असावे. तेवढा वेळ हाताशी नसेल, तर कुकर लावण्यात कमीपणा नाही.